मूग नव्हे, मोग

तर मंडळी, सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. गेली चार वर्षं ज्या यंत्राच्या मागे मी शनिवार-रविवार घालवतोय, त्याच्या जनकाचं नाव मी चुकीचं घेत होतो. रॉबर्ट मूग. कडधान्यातला मूग. ऑफिसात मित्रांनी त्यावर पुरेसे विनोद करून झाले. "काय रे, आज मूग भिजत घातलेस का?" वगैरे. मग कळलं की हा गृहस्थ स्वतःचं आडनाव 'मोग' असं उच्चारायचा.

हे मी गावी, आचऱ्याला, काकांना सांगितलं तर ते पान लावता लावता थांबले. म्हणाले, "मोग? गोंयकारांचो मोग काय रे?" कोकणीत मोग म्हणजे प्रेम. म्हटलं, हो काका, तोच समजा.

आता या सगळ्यात आचरा कुठून आलं, ते सांगतो. मालवण तालुक्यातलं, खाडीकाठचं, रामेश्वराचं गाव. बाहेरच्यांना ते माहीत असतं गावपळणीमुळे. दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल झाला की अख्खं गाव गुरं-कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर जातं, आणि तीन दिवस तीन रात्री गावात माणूस नसतं. माझ्यासाठी मात्र आचरा म्हणजे काकांची पायपेटी. काका तरुणपणी दशावतारात पेटीवर बसायचे. जत्रांच्या दिवसांत रात्र रात्र जागून नाटक, एका बाजूला पायपेटी, शेजारी मृदंग आणि झांज. संवाद आयत्या वेळचे, त्यामुळे पेटीवाल्याला कान टवकारून बसावं लागतं. राजा कधी रागावेल आणि कधी गायला लागेल याचा नेम नाही. नंतर वय झालं तसे काका वाडीतल्या भजन मंडळाच्या हातपेटीवर आले.

गेल्या गणपतीत या मंडळाची बैठक झाली. पेटीचा भाता फाटलाय, चार-पाच रीड बसलेत, दुरुस्तीला खर्च आहे. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांपैकी एकाने प्रस्ताव मांडला: दुरुस्तीच्या भानगडीत न पडता सरळ एक चांगला कीबोर्ड घेऊ. त्यात पेटीचा आवाज आहे, तबल्याचे ठेके आहेत, सूर उतरायची भीती नाही. शिवाय वाजवायला माणसं कुठे उरलीत? एक जण बसला की काम झालं. काका काही बोलले नाहीत. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कॉम्प्युटरवाला, त्यातून घरी वायरींचं जंजाळ करून आवाज काढणारा. "तू सांग, काय घेऊचा?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेलं उत्तर आहे.

*

आधी हे यंत्र म्हणजे काय ते थोडक्यात. सिंथेसायझर म्हटलं की आपल्यासमोर लग्नाच्या ऑर्केस्ट्रातला कीबोर्ड येतो. मूळ मोग यंत्र तसं नव्हतं. ते लाकडी चौकटीत बसवलेलं एक कपाट होतं, आणि त्यात वेगवेगळे डबे, म्हणजे मोड्यूल. एक डबा नुसता सूर काढतो (ऑसिलेटर). दुसरा त्या सुराचा पोत बदलतो (फिल्टर), म्हणजे तुम्ही एकच स्वर धरून तोंड 'आ' वरून 'ऊ' वर नेलंत तर जे होतं ते. तिसरा आवाज लहान-मोठा करतो (अॅम्प्लिफायर). आणि हे डबे आतून जोडलेले नसतात! जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बाई जशी दोऱ्या खोचायची, तशा वायरी खोचून तुम्हीच ठरवायचं की कोण कोणाला काय सांगणार.

यातली खरी गंमत म्हणजे भाषा. प्रत्येक डबा दुसऱ्याशी एकाच भाषेत बोलतो, ती म्हणजे व्होल्टेज. एक व्होल्ट वाढवला की सूर एक सप्तक वर. बस. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला इंटरफेस म्हणून मिरवतो तो या माणसाने १९६४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रुमन्सबर्ग नावाच्या छोट्या गावात बसवला. सोबत हर्बर्ट डॉइच नावाचा संगीतकार होता. संगीतकार सांगायचा काय हवंय, इंजिनिअर ते बनवायचा. मोगचं त्याआधीचं उत्पन्न काय, तर थेरेमिन नावाच्या वाद्याचे सुटे भाग खोक्यात भरून हौशी लोकांना विकणं. म्हणजे ही सगळी परंपराच मुळी हौशी लोकांची आहे. त्याच सुमारास अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, सॅन फ्रान्सिस्कोकडे, डॉन बुकला वेगळ्या वाटेने तेच करत होता. फरक असा की बुकलाला पियानोसारख्या पट्ट्या नकोच होत्या. त्याचं म्हणणं, पट्ट्या दिल्या की लोक जुनंच संगीत वाजवणार.

हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९६८ साली वेंडी कार्लोसने मोगवर बाखच्या रचना वाजवून तबकडी काढली, ती तुफान खपली आणि मोगचं नाव घरोघर झालं. १९७० मध्ये मिनीमूग आला. (मला माहितीये, मीच वर उच्चार सांगितला. पण जुनी सवय.) त्यात वायरी गायब, डबे आतूनच जोडलेले, उचलून मैफिलीला नेता येईल असा. तिथून पुढे मोड्यूलर कपाटं मागे पडली. १९९५-९६ च्या सुमारास डीटर डोप्फर या जर्मन माणसाने छोट्या आकाराचे, परवडणारे डबे काढले आणि त्याच मापात जगभरचे लोक आपापले डबे बनवायला लागले. त्याला युरोरॅक म्हणतात. माझ्या कपाटात आहे ते हेच.

*

आता भारतात या. तुम्हाला वाटेल, हे सगळं आपल्याकडे फार उशिरा आलं असणार. मलाही तसंच वाटायचं.

१९६९ च्या शरदात एक मोड्यूलर मोग अहमदाबादला पोचला होता! राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत. ही संस्था गौतम आणि गिरा साराभाई या भावंडांनी उभी केलेली. त्यांची बहीण गीता साराभाई. त्या पखवाज वाजवायच्या, बाईने पखवाज वाजवणं हीच त्या काळी बातमी. १९४६ साली त्या न्यूयॉर्कला गेल्या आणि तिथे जॉन केज या तरुण संगीतकाराबरोबर त्यांचा सौदा ठरला: तू मला पाश्चात्त्य संगीत शिकव, मी तुला भारतीय शिकवते. या ओळखीच्या धाग्याने पुढे केजचा सहकारी डेव्हिड ट्यूडर अहमदाबादला आला आणि त्याने मोग, टेपरेकॉर्डर वगैरे जोडून स्टुडिओ लावून दिला.

तिथे काम केलं ते आपल्याच लोकांनी. गीता साराभाई, आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा. १९७२ पर्यंत हे चाललं. आणि मग स्टुडिओ थंडावला. टेपा संस्थेच्या संग्रहात गेल्या आणि जवळजवळ पंचेचाळीस वर्षं कोणी विचारलं नाही. पॉल पुर्गस या ब्रिटिश कलाकाराला त्या सापडल्या, त्याने २०२० मध्ये बीबीसी रेडिओवर त्यांची गोष्ट सांगितली, आणि २०२३ मध्ये त्यातलं निवडक संगीत तबकडीवर आलं. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये होतो. सुरुवातीला वाटलं, हेडफोन बिघडला. मग वाटलं, नाही, कोणीतरी यंत्राला तानपुऱ्यासारखं गुणगुणायला लावतंय. आपल्या आई-वडिलांच्या तरुणपणी हे इथे, शेजारच्या राज्यात घडलं होतं, आणि आपल्याला पत्ता नव्हता.

मग मुंबईत काय चाललं होतं? मुंबईत हे सगळं सिनेमाच्या दाराने आलं. १९५४ चा 'नागिन' घ्या. त्यातली ती पुंगी, जिच्यावर आजही प्रत्येक वरातीत एक तरी काका रुमाल दातात धरून जमिनीवर लोळतात, ती पुंगी नव्हतीच. ते क्लॅव्हिओलिन होतं. फ्रान्सच्या कॉन्स्टां मार्तांने १९४७ च्या सुमारास काढलेलं, एका वेळी एकच सूर वाजवणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य. वाजवलं कल्याणजींनी (कल्याणजी-आनंदजीमधले), आणि जोडीला हार्मोनियमवर रवी. म्हणजे भारतातल्या बहुसंख्य लोकांनी ऐकलेला पहिला गाजलेला इलेक्ट्रॉनिक आवाज हा नागाचा होता. आणि कोणालाही तो इलेक्ट्रॉनिक वाटला नाही. पुढे सत्तरच्या दशकात केरसी लॉर्ड यांनी मिनीमूग मुंबईच्या ध्वनिमुद्रणांत आणला.

आणि मग १९८२. चरणजित सिंग हे सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणारे वादक. त्यांच्याकडे तीन नवी जपानी यंत्रं होती, तिन्ही रोलंड कंपनीची: ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे छोटंसं चंदेरी खोकं. त्यांनी मुंबईत एक तबकडी केली, डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग. ललत आहे, यमन आहे, मालकंस आहे. खाली ८०८ चा ठोका, मध्ये ३०३ ची गिरकी, वर ज्युपिटरवर रागाची बढत. तबकडी चालली नाही. विसरली गेली. आणि १९८७ साली शिकागोत काही पोरांनी त्याच ३०३ मधून काढलेल्या आवाजावर एक नवं नृत्यसंगीत उभं राहिलं, अॅसिड हाउस. त्या पोरांनी चरणजित सिंगांचं नावही ऐकलं असण्याचा काहीही पुरावा नाही. एका डच संग्राहकाला पुढे ती तबकडी भारतात सापडली, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, आणि सत्तरीतल्या चरणजितजींना युरोपातून कार्यक्रमांची आमंत्रणं आली. २०१५ मध्ये ते मुंबईत वारले. निदान तेवढं तरी त्यांना बघायला मिळालं.

३०३ का? हे मी माझ्या खोक्यावर करून बघितलं तेव्हा कळलं. रोलंडने ते बनवलं होतं एकट्या गिटारवाल्याच्या सोबतीला, बास वाजवणाऱ्याच्या जागी. त्या कामाला ते अगदीच कुचकामी ठरलं आणि १९८४ मध्ये बंद झालं. पण त्यात एक सोय होती, स्लाइड. एका सुरावरून दुसऱ्यावर उडी न मारता घसरत जाणं. ऐकायला मींडच! पण नीट ऐकलंत तर फरक कळतो. ही घसरगुंडी प्रत्येक वेळी सारख्याच वेळात होते, मग मधलं अंतर एका स्वराचं असो की पाचांचं. कारण ती एका कपॅसिटरच्या भरण्यावर चालते. गवई मात्र मींड घेताना ठरवतो, इथे रेंगाळायचं, इथे नुसतं चाटून जायचं. कपॅसिटरला रेंगाळणं माहीत नाही.

*

इथे आपल्याला हार्मोनियमकडे वळलं पाहिजे, कारण हा सगळा वाद आपल्याकडे आधीच होऊन गेलाय.

आज पेटी म्हणजे अस्सल देशी, परंपरा वगैरे. पण हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबें याने १८४० च्या दशकात घेतलं. ती पायाने भाता मारायची होती. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिला खाली बसून वाजवता येईल असं हातभात्याचं रूप दिलं. आपल्याकडे संगीत नाटकांनी तिला आणि तिच्या थोरल्या बहिणीला, ऑर्गनला, डोक्यावर घेतलं. आणि मग विद्वानांचा हल्ला सुरू झाला. हिच्यातून मींड निघत नाही. हिचे स्वर बेसूर आहेत. ही परकी आहे. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमला बंदी केली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. म्हणजे बघा, अहमदाबादेत विजेचं कपाट रागाच्या आसपासचे सूर काढत होतं तेव्हा आकाशवाणीवर पेटीला मज्जाव होता!

आरोप खोटे नव्हते बरं का. पेटीत सप्तकाचे बारा समान तुकडे केलेले असतात. तानपुरा नीट लावला की खर्जातून आपोआप एक गंधार ऐकू येतो, तो षड्जाच्या सव्वापट कंपनसंख्येचा. पेटीतला गंधार त्याच्यापेक्षा थोडा चढा असतो. किती? समान बारा तुकड्यांतल्या एका तुकड्याला आपण १०० मानलं तर साधारण १४. मोगच्या भाषेत सांगायचं तर: पेटीचा गंधार ०.३३३ व्होल्टवर, तानपुऱ्याचा ०.३२२ व्होल्टवर. फरक अकरा मिलिव्होल्ट. एवढ्याशा अकरा मिलिव्होल्टसाठी एकतीस वर्षं भांडण.

आणि हेच मोड्यूलर यंत्राचं मोठेपण आहे. त्याला पट्ट्यांची सक्ती नाही. अकरा मिलिव्होल्ट कमी द्या, तो तक्रार न करता तिथे उभा राहील. बुकलाचा तो मुद्दा आठवा. पट्ट्या काढून टाकल्या तर हे यंत्र पियानोपेक्षा आपल्या गळ्याच्या जास्त जवळचं आहे.

हे सगळं तत्त्वज्ञान मी मे महिन्यात काकांना ऐकवायचं ठरवलं. तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून रात्री जागून एक ऑसिलेटर बनवला होता. कपाट बॅगेत घालून, एसटीच्या धक्क्यांपासून मांडीवर जपत, आचऱ्याला नेलं. माजघरात वायरी पसरल्या. शेजारची चार पोरं जमली. काका खुर्ची ओढून बसले. त्यांनी कपाट पुढून बघितलं, मागून बघितलं.

"अरे, हेचो भातो खंय आसा?"

"भातो नाय काका, करंट आसा."

"मगे दम खंयसून घेता?"

मी सा लावला. छान. वरचा सा लावला आणि मलाच कसंतरी झालं. चक्क उतरलेला. पुण्यात मी तो एसीत, चोवीस अंशांवर लावला होता. इथे माजघरात तेहतीस. आता यातली इंजिनिअरिंगची बाजू अशी, की व्होल्टला सप्तकात बदलणारे ट्रान्झिस्टर तापमानाला फार हळवे असतात. एक अंश वाढला की सप्तक सुमारे चार मापांनी आखूड होतं, मगाच्या शंभराच्या हिशोबात. नऊ अंश म्हणजे छत्तीस. यावर इलाज म्हणून एक खास रेझिस्टर मिळतो, तो मी 'कशाला उगाच' म्हणून घातला नव्हता. चूक शंभर टक्के माझी. जगातले पहिले मोग वापरणारेही याच उतरत्या सुरांना वैतागलेले असायचे, ही त्यातल्या त्यात सांत्वनाची गोष्ट.

काका हसले नाहीत. त्यांनी विचारलं, लावता येतो का? मी म्हटलं, हा बारीक स्क्रू आहे, फिरवला की होतं. त्यांनी माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेतला, डोळे मिटले आणि फिरवायला लागले. ना मीटर, ना मोबाइलवरचा ट्यूनर. वीस-पंचवीस सेकंदांत वरचा सा खालच्यात असा मिसळला की दोन आवाज आहेत हे कळेना. मग म्हणाले, गंधार लाव. मी लावला, पेटीसारखा. त्यांनी मान हलवली, "वायच खाली." मी खाली आणला. "आणि वायच. हां. थंयच ऱ्हव." मी मीटर बघितलं. बारा मिलिव्होल्ट खाली.

मी थक्क. काका म्हणाले, यात काय विशेष, पेटीचा गंधारही त्यांनी उतरवलेलाच आहे. आमचे बुवा कायम काळी एकमध्ये गातात, मग पेटीचा त्या पट्टीतला गंधार घासून थोडा उतरवायचा. रीड म्हणजे पितळेची जीभ. टोकाला घासली की हलकी होते, सूर चढतो. बुडाशी घासली की लवचीक होते, सूर उतरतो. बस, दोन-चार हलके हात. दुसऱ्या पट्टीत गाणारा आला तर तो बिचारा बोंबलणार, पण बुवा काय दुसऱ्या पट्टीत जात नाहीत.

म्हणजे आकाशवाणीतले विद्वान आणि रोलंडचे इंजिनिअर ज्या प्रश्नाशी झुंजत होते तो आमच्या वाडीत कानशीने सुटलेला होता! मी ज्याला मोड्यूलर, मोड्यूलर म्हणत चार वर्षं उड्या मारत होतो, ते हेच की. यंत्र उघडावं, आतला एक भाग आपल्या माणसाच्या गळ्यानुसार बदलावा, पुन्हा बंद करावं.

*

तेव्हापासून मी या सगळ्या यंत्रांकडे वेगळ्या नजरेने बघतो. रुजलं कोण आणि वाळलं कोण?

क्लॅव्हिओलिन वाद्य म्हणून गेलं, पण त्याची पुंगी राहिली, कारण सिनेमाला ती हवी होती. इलेक्ट्रॉनिक तानपुरा घ्या. बंगळुरूचे जी. राज नारायण, स्वतः बासरी वाजवणारे आणि इंजिनिअर, त्यांनी तो १९७९ मध्ये बनवला. जाणकारांनी नाकं मुरडली, अजूनही मुरडतात, जवारीची ती भिणभिण नाही म्हणून. पण पहाटे पाचला दोन खोल्यांच्या घरात एकट्याने रियाज करणाऱ्या मुलीला तानपुरा धरायला माणूस कुठून मिळणार? तिची अडचण खरी होती. म्हणून ते खोकं आज प्रत्येक क्लासमध्ये आहे. किंवा आपला बेंजो. मूळचं जपानी तायशोगोतो, आपल्याकडे आलं ते बुलबुल तरंग म्हणून, मग गिरणगावातल्या आणि कोकणातल्या पोरांनी त्याला पिकअप लावले, अॅम्प्लिफायरला जोडलं, टेम्पोवर चढवलं, शेजारी ऑक्टोपॅड ठेवला. याला कोणी इलेक्ट्रॉनिक संगीताचा इतिहास म्हणत नाही. पण विसर्जनाच्या रात्री लालबागला उभं राहून सांगा की हा नाही तर कुठला.

आणि अहमदाबादचा मोग? यंत्र उत्तम, माणसं बुद्धिमान, पैसा होता, जगातल्या सर्वोत्तम माणसाने येऊन जोडणी करून दिलेली. मला वाटतं, कमी होता तो फक्त भोवतालचा गोतावळा. बिघडलं तर घासून देणारा, चुकलं तर 'वायच खाली' म्हणणारा, आणि पुढच्या एकादशीला परत वाजवावंच लागेल अशी निकड असणारा. चरणजित सिंगांची तबकडीही तशीच एकटी पडली. दोन्ही ठिकाणी संगीतात खोट नव्हती. आज ऐकताना तर मुळीच वाटत नाही.

मग मंडळाने काय करायचं?

कीबोर्डला माझा विरोध नाही. तो परका आहे हा मुद्दा तर पेटीच्या बाजूने बोलणाऱ्याने काढूच नये. पण 'एक जण बसला की काम झालं' हे वाक्य मला तेव्हापासून खुपतंय. हल्ली कितीतरी देवळांत आरतीला मोटरवर चालणारा नगारा आणि घंटा असते. बटण दाबलं की धडाड धडाड. मी एका संध्याकाळी अशा देवळात उभा होतो. पुजारी आणि मी, दोघंच, आणि आवाज पन्नास माणसांचा. यंत्राने कोणाची जागा घेतली नव्हती. माणसं आधीच गेली होती, पुण्याला, मुंबईला, माझ्यासारखी. यंत्र फक्त ते कळू देत नव्हतं.

याउलट आठवते ती लहानपणीची एक गावपळण. वेशीबाहेर माडाच्या झावळ्यांची झोपडी, वीज नाही, चुलीवर भात. घरातून काय काय न्यायचं यावर आईची आणि काकूची वादावादी चाललेली. पायपेटी जड म्हणून राहिली घरी. पण हातपेटी काकांनी डोक्यावर घेतली. रात्री अंधारात भजन सुरू झालं, शेजारच्या झोपडीतून टाळ आले, पलीकडून मृदंग आला. मागे तीन मैलांवर आमचं गाव रिकामं, काळोखात. आणि इथे सगळे. मोड्यूलर म्हणजे मला आता हेच डोळ्यासमोर येतं: एक झोपडी सूर देते, दुसरी ताल देते, आणि मधल्या वायरी म्हणजे कान.

तर काका, बुवा आणि समस्त मंडळ, माझं मत असं: पेटी आधी दुरुस्त करा. भात्याचा आणि रीडचा खर्च माझ्याकडे. कीबोर्ड आला तर तोही येऊ दे, पोरं हात तरी लावतील. पण त्यातले आयते ठेके बंद ठेवा आणि तबल्यावर माणूस बसवा, चुकला तरी चालेल. आणि रीड घासायची विद्या काकांच्या बोटांतून दुसऱ्या कोणाच्या तरी बोटांत उतरली पाहिजे, ही खरी घाई आहे. काका एक्याऐंशी वर्षांचे आहेत.

तो दुसरा कोणी सापडेपर्यंत मीच शिकतोय. दिवाळीत चार दिवस बसलो होतो. जुन्या, मोडीत निघालेल्या पेटीचे रीड काकांनी सरावाला दिलेत. टोकाला घासलं की चढतो, बुडाशी घासलं की उतरतो, इतकं सोपं. आतापर्यंत सहा मोडलेत. सातवा काकांनी कानाशी धरून वाजवला, पुन्हा वाजवला आणि म्हणाले, "वायच खाली."